राजीनाम्याच्या दोन ओळी

"तापीमाईची खोली, पुसावी नावाड्याला,
मनातली गं खोली, पुसावी ज्याची त्याला."

पहाटे दळताना आई ही ओवी म्हणायची. लीलाधर तेव्हा सहा वर्षांचा, तिच्या मांडीवर डोकं ठेवून जात्याची घरघर ऐकत पडलेला. ओवी लक्षात राहिली. पुसायचं मात्र राहून गेलं.

शाळेत गुरुजी विचारत, "समजलं?" तो मान हलवायचा. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी रंभाबाईनं चहा पुढं केला, "साखर बरोबर पडली का?" चहा नुसता पाक होता. "हो," तो म्हणाला. मग एकोणीस वर्षं तोच चहा येत राहिला आणि तो पीत राहिला.

आता तो मराठी शाळेत मास्तर होता. तापीकाठच्या शहरात, सिंधीपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्या, सकाळची पॅसेंजर, चांदनी स्टेशनला उतरून शाळा, संध्याकाळी परत.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात नवा प्रदेश झाला. आजवर नागपूरहून येणारे कागद आता भोपाळहून येणार होते. बाजारात, गाडीत एकच बोलणं: मराठी शाळा राहतील की जातील, मास्तरांनी इथंच राहायचं की पलीकडच्या मराठी मुलखात जायचं? अशातच एका गुरुवारी शाळाखात्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. बडे बाबू नवे होते, वरच्या हिंदी मुलखातले. मान वर न करता म्हणाले, "मास्टरजी, सोमवार तक राजीनामा दे दीजिए. दो लाइन बहुत हैं."

'किस वास्ते?' एवढंच विचारायचं होतं. शब्द जिभेवर आलेही.

"जी," लीलाधर म्हणाला.

शुक्रवारी डबा तसाच घरी आला.

"भाजी खारट झाली होती का?" रंभाबाईनं विचारलं.

"नाही."

"मग?"

"काही नाही."

"तुमचं 'काही नाही' म्हंजे मला भेव वाटते."

रविवारी तो तापीवरच्या राजघाटाच्या पायरीवर जाऊन बसला आणि दोन ओळी लिहिल्या. प्रकृती ठीक नसल्यामुळे नोकरी सोडत आहे. प्रकृती ठणठणीत होती. पण कारण काहीतरी द्यायला हवं, आणि खरं कारण त्यालाच कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी कोट चढवताना तो कागद खिशातून खाली पडला. रंभाबाई भांडी विसळत होती. तिनं ओल्या हातानं उचलून दिला. तिला वाचता येत नव्हतं.

"कशाचा?"

'शाळेचा' म्हटलं असतं तर भागलं असतं. तोंडात तोच शब्द तयार होता. पण तिच्या बोटाचं पाणी नेमकं सहीवर लागलं होतं, नावाची शाई पसरत चालली होती. तिकडे बघत तो म्हणाला, "राजीनामा. मागितला त्यांनी. नोकरी गेली आपली."

ती हात पुसत त्याच्यासमोर बसली. म्हणाली, "कोणी मागितला? हिंदीतून बोलला का तो?"

"हिंदीतूनच."

"काहून मागता, असं विचारलं नाही तुम्ही?"

"नाही."

रंभाबाई हसायलाच लागली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "अहो मास्तर! शेजारचा गोटू नि त्याचा भाऊ भिंतीवरून भांडले, ते भांडण मिटलं तेव्हा दोघांनी कचेरीत काय लिहून दिलं? राजीनामाच ना? आम्ही राजी आहोत म्हणून! नोकरी सोडायच्या कागदाला हे लोक इस्तीफा म्हणतात. तुम्ही इथं, या नव्या प्रदेशात, राहायला राजी आहात का, ते पुसून राहिले ते!"

लीलाधरनं कागदाचे दोन तुकडे केले, मग चार. कोट तसाच अंगात ठेवून पाटावर बसला.

"चहा पार गार झाला तुमचा," ती उठली. "दुसरा टाकते." चुलीवर आधण ठेवून तिनं साखरेच्या डब्यात हात घातला.

"अगं," तो म्हणाला, "साखर कमी टाक. पहिल्या दिवसापासून जास्त होते."