ताप ओढणारा गोळा

खण्णकन आवाज झाला आणि गर्दीने रोखलेला श्वास सोडला. काशाचा गोळा मेणाची वडी वितळवत आरपार गेला होता आणि खालच्या पत्र्याच्या थाळीत पडला होता.

"गेला! म्हातारबांचा ताप गेला!" गोळेबाबा गरजला. म्हातारबा खुर्चीत आणखीच काळवंडले होते, पण तिकडे बघायला वेळ कुणाला? सगळे मेणाचं भोक बघत होते.

बंद पडलेल्या दुकानात हा धंदा थाटला होता. बाबाचा खाक्या सोपा. थंडगार गोळा रोग्याच्या कपाळावर ठेवायचा, काहीबाही पुटपुटायचं, मग लांब चिमट्यात धरून पडद्याआड 'गुरूंना दाखवून' आणायचा आणि मेणावर ठेवायचा. चिमटा कशाला?

"अहो, ओढलेला ताप हाताला चिकटतो! लोखंड आळशी, पितळ लबाड, कासं तेवढं इमानी. फक्त पोटात डॉक्टरचं औषध नको. औषध असलं की गोळा रुसतो."

गोळा रुसू नये म्हणून शिंपीणबाईंनी लेकीचं औषध बंद केलं होतं. पोर त्यांच्या मांडीवर कण्हत होती. शेजारी बसलेली धाकटी बहीण शाळेत विज्ञान शिकवायची. ती रडकुंडीला आली होती.

"ताई, तिची मान बघ, वाकत नाही. दवाखान्यात चल, पाया पडते तुझ्या."

"गप गं. तुझ्या दवाखान्याने काय उजेड पाडला?"

"शिकलेली दिसतेय," मागून एक काकू खिदळल्या. "अशांमुळेच रुसतो हो गोळा!"

लेकीचा नंबर आला. कपाळाला गारवा लागताच पोरीने डोळे मिटले. बाबा गोळा घेऊन पडद्याआड गेला, परत आला. चिमट्यातला गोळा बघून शिंपीणबाईंनी हात पुढे केला. एवढा ताप माझ्या लेकीने सोसला?

"द्या इकडे! चिकटू दे मलाच!" असं म्हणून त्यांनी गोळा मुठीत धरला.

किंकाळी ऐकून रस्त्यावरची माणसं आत डोकावली. गोळा जमिनीवर घरंगळला. तळव्याची कातडी सुटून आली होती.

बाबा डगमगला नाही. "बघा, केवढा ताप होता!" गर्दीने हात जोडले. "बाईचा विश्वास कमी पडला," काकूंनी निकाल दिला.

बहिणीने त्या हातावर फुंकरही घातली नाही. "दुसरा हात पोरीच्या कपाळावर ठेव, ताई. भाजतंय?"

"...नाही."

"कोमट कापडावर ठेवून इस्त्री तापते का गं कधी? कपाळाला टेकलेला गोळा फार तर कपाळाइतका गरम होईल. मेण वितळायला त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त उष्णता लागते. तेवढी पोरीत असती, तर ती शिजली असती."

तिने पडदा ओढला. गुरू म्हणजे एक शेगडी. वर पातेल्यात पाणी खळखळत होतं. बाजूला फडक्यावर दुसरा गोळा होता, अगदी पहिल्यासारखा. कपाळावर टेकवलेला तोच; बाबाने बाहेर आणला होता तो पातेल्यातला. अजून जेमतेम कोमट.

"कुठला धातू किती उष्णता साठवतो, ते मी असेच गोळे तापवून मेणावर ठेवून दाखवते," ती गर्दीला म्हणाली. "माझ्या वर्गातली पोरंही टाळ्या वाजवतात. पण औषध सोडत नाहीत."

बाबा मागच्या दाराने पसार झाला. काकू वैतागल्या. "आता आमचा नंबर कधी लागायचा?"

दवाखान्यात कळलं, मेंदूच्या आवरणाला सूज होती. पोरीचा जीव वाचला. शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, "आई, तू नुसतं तोंड का हलवतेस?"

"औषध चालू राहिलं असतं, तर बहुधा कान वाचले असते," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

गोळेबाबा आता दुसऱ्या गल्लीत बसतो म्हणे, आणि तिथेही रांग असते. तुमच्या घरी कुणी तापाने फणफणलं, तर डॉक्टर गाठा आणि औषध मध्येच सोडू नका. त्या रांगेत उभे असालच, तर पडद्याआडून आलेला गोळा बाबालाच उघड्या हातात धरायला सांगा. तो धरणार नाही. का धरणार नाही, याचा विचार तिथेच करा. शिंपीणबाईंनी तो नंतर केला आणि लेकीची माफीही मागितली. तिला ती ऐकू आली नाही.