बावीस नंबरचा बिल्ला

"बावीस नंबर," खिडकीपाशी आलेली मुलगी म्हणाली. "काल रात्री आईला दाखल केलंय."

दारवानाने मागच्या फळ्याकडे पाहिलं. एकविसाच्या खिळ्यावर बिल्ला होता, तेविसाच्याही होता. बाविसाचा खिळा मोकळा.

"बिल्ला आत गेलाय. तुमच्यापैकीच असेल कुणीतरी."

"माझ्याशिवाय तिला कुणी नाही हो, काका. आता ऑपरेशनला नेतील. त्याआधी एकदा भेटू द्या."

"सगळ्यांना एकदाच भेटायचं असतं. एका खाटेला एक बिल्ला. बिल्ला नाही तर आत नाही."

इस्पितळात त्याला सगळे शंकासुर म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि त्यात अपमान वाटण्याऐवजी बढती मिळाल्यासारखंच वाटे. बिल्ला साधा, पिवळ्या पत्र्याचा. वर 'नातेवाईक' आणि खाली खाटेचा नंबर. पण त्याच्यासाठी माणसं काय काय करतात, हे पाहण्यात त्याचा जन्म गेला होता. आत गेलेला भाऊ बिल्ला रुमालात बांधून जिन्याच्या खिडकीतून खाली टाकणार आणि थोड्या वेळाने दुसरा भाऊ तोच छातीला लावून साळसूदपणे दारात हजर. रुमाल कुठे पडतो ती जागाही त्याला पाठ होती. घरी तरी काय वेगळं? दूध जरा पातळ लागलं की तो बायकोकडे रोखून बघायचा. "देव भेटला तरी तुम्ही आधी बिल्ला मागाल," ती म्हणायची. "मागणारच," तो म्हणायचा, "देवच आहे कशावरून?"

तर बावीस नंबर. त्याला एकदम ते म्हातारबाबा आठवले. आत्ता मघाशी त्यानेच त्यांना आत सोडलं होतं. रुग्णापाशी रात्री राहणारा माणूस बिल्ला स्वतःकडेच ठेवायचा, त्यामुळे ते बिल्ला लावूनच येत आणि त्याने कधी अडवलं नव्हतं. आता मात्र एकेक गोष्ट खटकायला लागली. रात्रभर खाटेपाशी बसलेला माणूस असा दिसतो? नीट भांग पाडलेला, शर्टाला इस्त्री. आणि हातात डबा नाही. पूर्वी रोज असायचा, गेल्या काही दिवसांत नाही. रिकाम्या हाताने येणारा नातेवाईक त्याने पाहिला नव्हता. कुठेतरी पाणी मुरत होतं. म्हातारा बिल्ला भाड्याने देत असणार, त्याची खात्रीच पटली.

"मावशी, दार सांभाळा," त्याने झाडणाऱ्या बाईंना सांगितलं. "माझं नाव सांगून कुणी आलं तरी सोडू नका."

वर बायकांच्या वॉर्डाबाहेर बाकावर म्हातारबाबा बसले होते. पाठ ताठ, नजर वॉर्डाच्या दारावर.

"बाबा, बाविसात कोण आहे तुमचं?"

"मंडळी."

"कालपासून तिथे दुसरीच बाई आहे. तिची मुलगी खाली ताटकळतेय. आता खरं बोला."

वॉर्डातून बाहेर आलेली नर्स थबकली. "काका, बाविसातल्या आजी मागच्या आठवड्यात गेल्या. पहाटेच. तुम्हाला माहीत नाही?"

त्याला कुठून माहीत असणार? गेलेल्यांना मागच्या दाराने नेत, आणि मागच्या दाराला बिल्ला परत मागणारं कुणी नव्हतं. सगळ्या चोरवाटा पाठ असलेल्या माणसाला ही वाट कधी सुचलीच नव्हती.

"मग रोज येता कशाला?" आवाज अजून दरडावणीचाच होता. तो लगेच कसा बदलणार?

"भेटायची वेळ झाली की घरी बसवत नाही हो. हा लावून इथे बसलं की वाटतं, आहे ती आत."

त्यांनी बिल्ला काढायला हात लावला, पण पिन काही बोटांना निघेना. शेवटी दारवानाने वाकून काढली. बिल्ले त्याने हजारदा परत घेतले होते, पण ते खिडकीतून. कुणाच्या छातीवरून काढायची वेळ पहिल्यांदाच आली होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"त्या पोरीला द्या," बाबा म्हणाले. "आणि सांगा, बाविसाची खिडकी नीट लागत नाही. वारा येतो. जास्तीची चादर मागून घे म्हणावं."

त्याने खाली जाऊन बिल्ला दिला, चादरीचंही सांगितलं. मुलगी जिन्याकडे धावली. आईला नेण्याआधी ती पोचली, असं मावशींनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला म्हातारबाबा पुन्हा आले. भांग तसाच, शर्ट तोच, खिशावर पिनेची दोन बारीक भोकं. ते आत यायला निघाले नाहीत, फाटकाच्या कडेला उभे राहिले.

"कुणाकडे?" दारवानाच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

बाबांनी खिशावरून हात फिरवला. "कुणाकडे नाही. असाच आलो," म्हणाले आणि वळले.

"थांबा." दारवानाने आपलं स्टूल बाहेर ओढलं आणि खिडकीशेजारी ठेवलं. "बसा."

बाबा बसले. तो उभ्याउभ्याच बिल्ले देत राहिला. थोड्या वेळाने सुपरवायझर फेरीवर आले आणि स्टुलापाशी थांबले.

"हे कोण? दारात कुणाला बसवायचं नाही, माहीत आहे ना?"

"नातेवाईक आहेत, साहेब."

"कुणाचे? बिल्ला कुठाय?"

साहेबांची ती नजर दारवान चांगलीच ओळखत होता. तीस वर्षं ती त्याचीच होती.

"माझे," तो म्हणाला, आणि रांगेकडे वळला. "हं, पुढे या. कितवा नंबर?"