मळवलेलं इंजिन

नवऱ्याचं नाव घेऊ नये, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. घ्यायचंच झालं तर उखाण्यात घ्यावं. मी आता सरळ घेते. दादाभाऊ चासकर, राहणार महाळुंगे पडवळ, पुण्याच्या डिझेल शेडातून फिटर म्हणून रिटायर, छंद वीतभर लांबीची इंजिनं बनवणं. नाव घेतल्याने नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. आमच्याकडे अजून तरी तसं काही दिसलेलं नाही, चांगल्या दोन भाकरी जेवतात.

रिटायर होऊन गावी आलेली माणसं भजनाला बसतात, नाहीतर पारावर बसून सोसायटीच्या निवडणुकीचा काथ्याकूट करतात. दादाभाऊंनी बटाट्याची पोती ठेवायच्या खोलीत रूळ मांडले. बोटभर रुंदीचे रूळ, खोक्याएवढं स्टेशन, सिग्नल, पूल, सगळं. आमच्या भागात रेल्वे येणार, रेल्वे येणार, असं कित्येक वर्षं ऐकत होते. ती शेवटी बटाट्याच्या खोलीत आली आणि पोती पडवीत गेली.

पहिलं इंजिन आमच्या गोरखने, म्हणजे मुलाने, इंटरनेटवरून मागवून दिलं. परदेशी बनावटीचं, काचेसारखं चकचकीत. दादाभाऊ म्हणाले, “हे न्हाई. मला आपल्या शेडातलं पायजे.” आणि त्या नव्याकोऱ्या इंजिनाला त्यांनी करवत लावली. केबिन कापून मागे सरकवली, नाक आखूड केलं, प्लास्टिकच्या पातळ शीटचे तुकडे जोडून नवे दरवाजे केले. आळेफाट्याच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून तांब्याची तार आणली आणि तिचे कठडे वळले. बॉलपेनच्या रिफिलची पितळी टोकं कापून पुढचे-मागचे बफर केले. वर्ष गेलं त्यात. तांबडा रंग, पिवळा पट्टा, पांढरा नंबर. हात चांगला आहे त्यांचा, खोटं कशाला बोलू?

ते इंजिन घेऊन आम्ही पुण्याला गेलो. तिथे ‘रूळमित्र’ नावाचा हौशी लोकांचा क्लब आहे, दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत प्रदर्शन भरवतात. क्लबच्या सेक्रेटरींनी वाकून वाकून इंजिन बघितलं आणि म्हणाले, “काका, काम सुंदर आहे, पण हे खेळणं वाटतं. इंजिन कसं चाललेलं दिसायला हवं. याला वेदरिंग करा.”

वेदरिंग म्हणजे मळवणं. ऊन, पाऊस, धूर, तेल, गंज यांचे डाग रंगाने असे काढायचे, की बघणाऱ्याला इंजिन खरंच दहा वर्षं रुळावर राबलंय असं वाटावं. हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. आमचं अर्धं आयुष्य शेडाला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये गेलं. माझ्या ओट्याची खिडकी रुळांवर उघडायची. दादाभाऊंचे ग्रीसने बरबटलेले कपडे मी रॉकेलमध्ये भिजवून, ब्रशने घासून, पुन्हा सोड्यात उकळून काढायचे. माझ्या नखांत बसलेलं काळं माहेरच्या लग्नातसुद्धा निघायचं नाही, मेंदी लावून झाकावं लागायचं. तो मळ काढता काढता मी म्हातारी झाले आणि इथे चांगली शिकलेली माणसं तोच मळ लावायला क्लब काढून बसली होती.

गावी आल्यावर दादाभाऊंनी मळवायला घेतलं. काळा रंग पातळ करून इंजिनभर फासला. दृष्ट लागू नये म्हणून बाळाला काजळ फासतात, तसं ते दिसायला लागलं. पुसलं, परत फासलं. आठवडाभर घरात कुणाशी नीट बोलले नाहीत. मी दारात मेथी निवडत बसले होते. मला राहवलं नाही.

“अहो, धूर असा समदीकडं बसत नाय. वर मधोमध बसतो. मग पावसानं वघळ येत्यात ते खाली.”

“तू गप. तीस वर्षं शेडात काढली मी.”

“तुमी खालून बघितलं इंजिन. मी खिडकीतनं बघितलंय.”

त्यांनी ब्रश माझ्यापुढे आपटला. “मग तूच कर की, लई कळतंय तर.”

केलं मी. रागाने दिलेला ब्रश मी आनंदाने घेतला, हे त्यांच्या लक्षातही आलं नसेल. त्यांनी फासलेलं काळं आधी पुसून काढलं. दुकानातले रंग मी हातात धरले नाहीत. पाणी तापवायच्या हंड्याच्या बुडाची काजळी खरवडली. तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू, विटेची पूड आणि चहाचा कोरा काढा घेतला. छपरावर धुराड्याभोवती काजळी फुंकरीने बसवली. डिझेल भरायच्या तोंडाखाली तेल सांडून धूळ चिकटते आणि डाग ओला राहिल्यासारखा दिसतो, तो काढला. चाकांजवळ ब्रेकची तांबूस पूड. केबिनच्या दाराशी हाताने धरायचे कठडे मात्र घासून चकचकीत केले, कारण तिथे रोज हात लागतो, तिथे मळ टिकत नाही. हे सगळं मला कुणी शिकवलं नव्हतं. भाजी फोडणीला टाकता टाकता जे रोज दिसलं ते हातात उतरत होतं. सून हर्षालीचा केसांवर मारायचा स्प्रे उडवून ती काजळी जागेवर बसवली. वार्निश मारू दिलं नाही. मारलं असतं तर परत चकाकलं असतं.

शेवटी इंजिनाच्या नाकावर मी कुंकवाचं अगदी फिकट बोट ओढलं, खाली हळदीचा धुवून गेलेला ओघळ. खंडेनवमीला शेडातली माणसं इंजिनाची पूजा करायची, तो डाग पुढे कितीतरी महिने पुसट पुसट होत इंजिनावर राहायचा. दादाभाऊ येऊन बघत उभे राहिले. मग म्हणाले, “आयला! हे तर आपलंच इंजिन हाय.” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवसाइतकी मी कधी खूश झाले नव्हते. वेड्यासारखी गुळाचा शिरा करायला गेले.

गेल्या दिवाळीत त्या इंजिनाला पहिलं बक्षीस मिळालं. लोक तिथून हलेनात. जो तो त्या कुंकवाच्या बोटाचा फोटो काढत होता. मी खुर्च्यांच्या रांगेत डबा मांडीवर घेऊन बसले होते. एका कॅमेरावाल्या पोराने दादाभाऊंना विचारलं, “काका, हा पूजेचा डाग कसा सुचला?”

मी खुर्चीतून थोडी उठलेसुद्धा. वाटलं, आता हाक मारतील.

दादाभाऊ म्हणाले, “तीस वर्षं शेडात काढली. डोळ्यांत बसल्यालं हाय सगळं.”

मग त्या पोराने कॅमेरा माझ्याकडे वळवला. “काकू, काकांच्या छंदाचा त्रास होतो की नाही घरात?” सगळे हसले. मी तोंड उघडायच्या आत दादाभाऊच म्हणाले, “पसारा बघून शिव्या घालती ती!” पुन्हा सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

परतीच्या एसटीत राजगुरुनगर गेल्यावर मी विषय काढला. “माझं नाव सांगायचं व्हतं.”

“घरच्या घरात कसलं नाव? नवरा-बायकोचं काय येगळं असतं व्हय?”

“येगळं नसतं तर मग माझं सांगायचं. एकच हाय ना?”

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मंचर आलं तेव्हा म्हणाले, “पुढल्या टायमाला सांगतो. आता गप.” मी गप बसले. मला बक्षीस नको होतं, हार नको होता. दादाभाऊंनी चारचौघांत एकदा म्हणावं, ‘हे उज्ज्वलानं केलं’, एवढंच हवं होतं. पुढल्या वेळेची वाट बघत मी वर्ष काढलं.

पुढली वेळ आली ती यंदाच्या खंडेनवमीला. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं झाडून सगळं हत्यार धुवून पुजतात. गोरख अंगणात पाइप धरून ट्रॅक्टर धूत होता. मी फवारणीचा पंप, कोयते, खुरपी, विळी धुवून पाटावर मांडत होते. दसऱ्याला आलेली नणंद, प्रयागबाई, झेंडूच्या माळा ओवत होती. तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन आला. हैदराबादला देशभरच्या क्लबांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि पुण्याकडून आमचं इंजिन जाणार होतं. दादाभाऊंनी कौतुकाने फोन स्पीकरवर टाकला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

“काका, पाटी छापायची आहे. रंगकामात, वेदरिंगमध्ये अजून कुणी मदतीला असेल तर नाव सांगा. सगळ्यांची टाकतोय.”

प्रयागबाईची सुई थांबली नाही, गोरखचा पाइप थांबला नाही. माझा हात तेवढा थांबला. दादाभाऊंनी माझ्याकडे बघितलं. न बघता बोलले असते तर एखादे वेळी ते विसरले असं मी समजले असते.

“न्हाई, मदतीला कोण न्हाई. एकट्याचंच टाका.”

मी उठले. बटाट्याच्या खोलीत गेले, इंजिन उचललं, न्हाणीत आणलं. कोमट पाणी, शिकेकाई आणि मऊ ब्रश घेतला. स्प्रेने बसवलेली काजळी कोमट पाण्यापुढे किती वेळ टिकणार? मी लावलेलं मीच काढत होते, त्यामुळे कुठे किती घासायचं हे मला बरोबर ठाऊक होतं. त्यांच्या तारेच्या कठड्याला धक्का लावला नाही, त्यांच्या रंगावर ओरखडा उमटू दिला नाही. माझं तेवढं धुतलं. मग पुसून, फॅनखाली वाळवून, विळीच्या शेजारी पाटावर ठेवलं. तांबडा रंग, पिवळा पट्टा, नवंकोरं.

प्रयागबाईने बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. “अगं बाई, वयनी! दादाचं बक्षिसाचं इंजिन धुतलंस?”

गोरख पाइप टाकून धावत आला. हर्षाली आतून आली. दादाभाऊ सगळ्यांत शेवटी आले. त्यांनी इंजिन बघितलं, मग मला बघितलं. मी नजर खाली घातली नाही. मला वाटलं, आता ओरडतील. ‘तूच केलं आणि तूच घालवलं’, असं म्हणतील. ओरडण्यात का होईना, म्हणतील तर खरं.

दादाभाऊ शांतपणे म्हणाले, “जाऊ द्या. आज खंडेनवमी. सणाचं म्हणून धुतलं बिचारीनं. तिला काय कळतंय त्यातलं?”

“मला कळतंय,” मी म्हणाले. “मी मुद्दाम धुतलं. ती काजळी माझी व्हती.”

“असू दे गं वयनी,” प्रयागबाईने माझी पाठ थोपटली. “एवढं जिवाला लावून घेऊ नगं. चूक माणसाकडूनच व्हती. दादा कसा देवमाणूस, एक शब्द नाय बोलला!” हर्षालीने मला पाणी आणून दिलं. गोरख म्हणाला, “आई, आता रडू नकोस.” मी रडत नव्हतेच. दादाभाऊंनी इंजिनाला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि नारळ फोडला. संध्याकाळपर्यंत त्यांच्या सोशिकपणाची गोष्ट अख्ख्या आळीत झाली.

दसऱ्यानंतर सेक्रेटरींना कळलं. त्यांचा फोन आला तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो, मी ओसरीवर शेंगा फोडत होते. या वेळी स्पीकर लावलेला नव्हता, पण सेक्रेटरींचा आवाज खणखणीत.

“काका, वाईट वाटलं. पण अजून महिना आहे. तुमच्याच हातचं काम, परत करायला काय लागतं?”

दादाभाऊ माझ्याकडे बघायला लागले. शेंगा फोडायच्या थांबवून मीही बघितलं. हंड्याच्या बुडाला काजळी होती, गेरू कोनाड्यात होता. त्यांनी फोनवर माझं नाव घेतलं असतं, तर त्याच घडीला मी उठले असते आणि पहिल्यापेक्षा सरस करून दिलं असतं. हे त्यांना माहीत होतं. माझ्या तोंडावरच लिहिलेलं असणार.

“न्हाई जमायचं साहेब,” दादाभाऊ म्हणाले. “डोळं गेलं माझं. बारीक दिसतच नाय आता. तुमी दुसऱ्या कुणाचं तरी न्या.”

आदल्याच दिवशी त्यांनी माझ्या टाचेतला बाभळीचा काटा चष्मा न लावता काढला होता.

रूळ सुटे होऊन माळ्यावर गेले, इंजिन खोक्यात गेलं, बटाट्याची पोती पुन्हा खोलीत आली. ज्या छंदापायी माणूस तहान-भूक विसरायचा, तो त्याने एका नावापायी सोडून दिला. एवढं जड होतं का माझं नाव? मी रागावून झाले, अबोला धरून झाले, एकटीच माळ्याखाली उभी राहून रडूनही झाले.

गोरखला बापाच्या डोळ्यांची काळजी. तो मंचरला डॉक्टरकडे न्यायचं म्हणतो, दादाभाऊ टाळतात. एकदा डोळे गेले म्हटल्यावर ते पोरा-सुनेपुढे निभावणं आलं. म्हणून आता सकाळचा पेपर मी वाचून दाखवते. दादाभाऊ शेजारच्या खुर्चीत बसून ऐकतात, एखाद्या बातमीवर मान हलवतात.

मी पान लवकर उलटलं की म्हणतात, “थांब, खालचं राहिलं.”

मी पान परत फिरवते आणि खालचं वाचते.