ओटीवरच्या खांबाचा फोन

रोज संध्याकाळी सातला मी पाड्यावर सासऱ्यांना फोन लावून द्यायचे. आय, म्हणजे माझी सासू सुकी, तो दोन्ही हातांत धरून भिंतीला टेकून बसायची.

"जेवलास?"

"हां."

"कोंबड्या?"

"हायेत."

पुढे काहीच नाही. दोन-तीन मिनिटं वाट बघून मी फोन काढून घ्यायचे आणि बंद करायचे. आय कधी काही म्हणाली नाही. नऊ महिने.

फोन मला मोकळा हवा असायचा, कधी दवाखान्यात लावावा लागला तर. मागच्या पावसाळ्यात माझ्या लेकीला, चिमीला, तापात झटका आला तेव्हा आम्ही दाभोसाजवळच्या पाड्यावरच राहत होतो. गाडी मिळायला दीड तास लागला. पोरगी घेऊन पुन्हा इथं राहायचं नाही, हे मी त्या दीड तासात ठरवलं. जव्हारला दवाखान्याच्या मागच्या गल्लीत खोली घेतली. नवरा, रूपेश, वाड्याला एका कंपनीत, रविवारी येणार. मी पंचायत समितीत कंत्राटावर. म्हणून चिमीला सांभाळायला आयला आणलं. सासरे, पोश्याबाबा, शेत आणि कोंबड्या बघायला तिकडेच राहिले. एकदा आले होते दोन दिवस. पाय कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखे उंबऱ्यात बसून राहिले आणि तिसऱ्या दिवशी पहिल्या जीपने गेले.

मे महिन्यातली गोष्ट. चिमी माझ्या खांद्यावर झोपली होती, म्हणून मला लगेच उठता आलं नाही. दहा मिनिटं झाली. आय फोन कानाला लावून तशीच.

"आये, पलीकडे कुणी नाही वाटतं. बंद करू?"

"हाय ना. इरला विणतोय."

"तुला काय माहीत?"

"ऐक."

तिने फोन माझ्या कानाला लावला. खर्र, खर्र. बांबूच्या पट्ट्या सोलल्याचा आवाज. मग खोकला. मग कोंबडीला हाकललं.

"रेंज ओटीवरच्या एकाच खांबापाशी येते," आय म्हणाली. "फोन पिशवीत घालून खांबाला टांगतो, नि खाली बसतो कामाला. तुला वाटतं पलीकडे कोण नाय, मना सगळा ऐकाया येतो."

"मग बोलत का नाही तुम्ही?"

"बोलाया काय हाय? घरी तरी कवा बोललो? तो विणायचा, मी तांदूळ निवडायची."

"आणि मी रोज बंद करत होते. सांगायचंस ना!"

"तुझा जीव पोरीत अडकलेला. मना दिसत नाय का?" ती पुन्हा ऐकू लागली. "दुसरा इरला घेतलाय आता. माझा, आवणीला भात लावताना पावसात डोक्यावर घ्याया." थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "चूल नाय पेटवली आज. कालपण नाय. लाकूड फोडल्याचा आवाजच नाय."

तो माणूस मघाशी जेवलो म्हणाला होता.

त्या दिवशी मी फोन बंद केला नाही. बॅटरी संपून तो आपोआप बंद पडला.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर जीपच्या थांब्यावर गेले. आमच्या पाड्यापर्यंत उमेशची जीप जाते.

"उमेशभाऊ, रात्री गाडी कुठे लावता?"

"पाड्यावर. माझ्या दारात. का हो वहिनी, चोरायची आहे?"

नऊ महिन्यांत मी हे कुणाला विचारलंच नव्हतं. गेल्या पावसाळ्यात त्याची जीप नव्हती. गेल्या दिवाळीला घेतली. सकाळी आठला पाड्यावरून निघते, संध्याकाळी सहाला जव्हारहून परत; माझ्या ऑफिसच्या वेळेत बसणारी. मी त्याचा नंबर घेतला, त्याच्या बायकोचाही. दवाखान्यात गेले. नर्सबाईंकडून पुन्हा सगळं समजून घेतलं: झटका आला तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, किती वेळ चालला ते घड्याळात बघायचं, गाडी लगेच बोलवायची. घरी येऊन उशीवर चारदा करून बघितलं. आय हसली. "उशीला ताप आला काय?"

आम्ही पाड्यावर परत जाणार हे ऐकून रविवारी रूपेश भडकला. "तूच म्हणाली होतीस, पोरगी परत तिकडे नेणार नाही!"

"म्हणाले होते."

"आय-बाबा काय नव्या लग्नाचे आहेत? राहतील की चार वर्षं असे, पोरगी मोठी होईपर्यंत."

"जुन्या लग्नाचे आहेत. चार वर्षं कुठून आणायची त्यांनी?"

मग त्याने विचारलं, "आणि तुला भीती नाही वाटत?"

"वाटते. भीती घेऊनच जाणार आहे."

पुढच्या शनिवारी उमेशच्या जीपच्या टपावर आमचं सामान चढलं. पाड्यावर उतरलो तर बाबा ओटीवर. गालफडं आत गेलेली. शेजारी दोन इरली, एक पुरं, एक अर्धं. आय त्यांच्याकडे न बघताच आत गेली. चुलीत फुंकर मारल्याचा आवाज आला.

"मीठ संपलाय," बाबा ओटीवरून म्हणाले.

"आणलाय," आतून आय.

एवढंच. बाबा अर्धं इरलं पुढ्यात ओढून बसले. आय सुपात तांदूळ घेऊन निवडायला बाहेर आली आणि हातभर अंतरावर बसली.

मी चिमीचं कपाळ तिसऱ्यांदा बघितलं. गार होतं. तेवढ्यात बाबा उठले, खांबावरची पिशवी काढली आणि त्यांचा फोन माझ्यापुढे धरला.

"आता मना नाय लागत. तुला असूं दे. गाडीवाल्याला लावाया."

मी त्यात उमेशचा नंबर घातला, एकदा लावून बघितला. "काय वहिनी, आत्ताच तर सोडलं!" तो ओरडला. मग पिशवी होती तिथेच, खांबाला परत टांगली. रेंज तिथेच येते.