बांधून दिलेली माटोळी

गौरवीचे गुरू फोनात राहायचे. एक दाढीवाला, एक बिनदाढीचा आणि एक कायम चालता चालता बोलणारा. त्या माणसाला जन्मात कुणी खुर्ची दिली नसावी. कारापूरच्या घरात सकाळचा चहा झाला की गौरवी कानात बोंडं खुपसायची आणि तिघांपैकी कुणीतरी तिला मोठं व्हायला सांगायचा. दाढीवाल्याचं एक वाक्य तर तिने फ्रिजवरच चिकटवलं होतं: ‘लोकांचा त्रास शोधा आणि तो नाहीसा करा.’

त्रास तिला सापडलाही. चवथ. म्हणजे चवथ नव्हे, देवा शांत हो, चवथीची माटोळी. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, तवशीं, पपनसाएवढी तोरिंगणं, रानातली कवंडळं, माट्टीची फळं, आंब्याचे टाळे असं सगळं बांधायचं. गोव्यात माटोळीशिवाय चवथ होत नाही. पण पर्वरीच्या फ्लॅटात राहणाऱ्याने रान कुठून आणायचं? आणि आणलं तरी बांधायला वेळ कुणाला आहे? तर बांधलेली, सजवलेली, नुसती हुकाला अडकवायची माटोळी घरपोच द्यायची. आहे की नाही डोकं!

तेवढ्या डोक्यावर बाईने डिचोलीतल्या कंपनीतली नोकरी सोडली. मॅनेजर भला माणूस. म्हणाला, “चवथीपर्यंत तुझी खुर्ची रिकामी ठेवतो. नाही जमलं तर ये परत.” म्हणजे ही चवथ गेली की धंदा तरी राहणार, नाहीतर ती पुन्हा त्या खुर्चीत. पर्वरीच्या एका कॉलनीतली बरीच घरं तिने बोलून बोलून मिळवली होती. ती खूश झाली तर पुढे वाट होती. ती रुसली तर आटोपलंच.

चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी पहिली माटोळी तिने आपल्याच घरात टांगली. बोहनी घरापासूनच व्हावी. तिचा बाप विठू तेव्हा परसात बसून केवणीची साल भिजवत होता. माटोळी बांधायला ह्याच सालीचा दोर लागतो आणि विठू दर वर्षी तो स्वतः रानातून आणायचा. मग अख्खा दिवस स्टुलावर चढून बायकोशी, शेजाऱ्यांशी, नारळाशी भांडत माटोळी बांधायचा. गौरवीला लहानपणापासून वाटायचं, अर्ध्या तासाच्या कामाला हा माणूस दिवस खातो.

“बाबा, यंदा तू आराम कर,” ती म्हणाली. “बघ, एकदम तयार.”

बालदी घेऊन आत आलेल्या विठूने मान वर करून बघितलं. “बरी बांधलीस गो,” तो म्हणाला आणि सालीची बालदी उचलून परसात परत घेऊन गेला. गौरवीला काय, घाई होती. मावसभाऊ प्रज्योत पिकअप घेऊन हॉर्न मारत होता.

पर्वरीला पहिलं घर महादेवकाकांचं. वीजखात्यातून निवृत्त झालेले, मूळचे पार्श्याचे. दोन्ही मुलगे पुण्याहून आलेले, सुना, नातवंडं, घर गच्च भरलेलं. प्रज्योतने स्टूल घेतलं, हुक शोधला, माटोळी अडकवली. झालं! सगळ्यांनी वा वा केलं, फोटो काढले. गौरवीने मनातल्या मनात दाढीवाल्याला नमस्कार केला.

ती जिन्याच्या वळणावर पोचते न पोचते तोच वरून हाक आली. “ए बाय, वर ये जरा!”

ती धावत वर गेली. खोलीत सगळे गप्प. मुलगे फोनात, नातू टीव्हीपुढे, महादेवकाका खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेले.

“ही उतरव,” काका म्हणाले. “घेऊन जा परत.”

गौरवी माटोळीकडे निरखून बघू लागली. “काका, काय चुकलं? एखादं फळ कुसलेलं आहे का?”

“काही चुकलं नाही. एवढी सुरेख माटोळी मी जन्मात बांधली नसती.”

“मग?”

“मग आता मी काय करू?” काका एकदम चिडले. “सांग ना, दिवस काढायचाय अजून!”

थोरला मुलगा म्हणाला, “बाबा, राहू द्या हो, ती बिचारी...” पण काकांची बायको, रुक्मिणीकाकू, पदर खोचून पुढे आल्या. त्यांचा तयेचा, म्हणजे हरतालिकेचा, उपास होता आणि उपाशी बाई खरं बोलते.

“मी सांगते गो. दर वर्षी हे स्टुलावर चढतात. मी म्हणते नारळ मधे, हे म्हणतात कडेला. हे पोर खालून टाळे देतं, तो धाकटा मुद्दाम सुपारी डोक्यावर पाडतो. दुपारपर्यंत नुसती बोंबाबोंब. वर्षभर पुण्याहून दोन मिनिटांचा फोन येतो माझ्या मुलांचा. त्या दिवशी मात्र भांडायला तरी सगळे एकत्र असतात. आज तू हुकाला अडकवून गेलीस आणि माझ्याशी कुणी एक अक्षर बोललं नाही बघ.”

 गौरवीच्या डोळ्यांपुढे बालदी आली. बालदी उचलून मुकाट्याने परसात जाणारा बाप आला. ‘बरी बांधलीस गो’ म्हणाला होता. भांडला नव्हता. विठू चवथीच्या आदल्या दिवशी भांडला नाही, म्हणजे काय झालं असणार हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं. तिला स्वतःचा असा राग आला की तो दाढीवाला समोर असता तर त्याच्या डोक्यात तिने तोरिंगण घातलं असतं.

“सुरी द्या,” ती म्हणाली.

तिने स्टुलावर चढून सगळे दोर कापले. नारळ, घोस, कवंडळं जमिनीवर मांडली, मोकळी चौकट तेवढी ठेवली. “दोर गाडीत आहे, पाठवते. बांधा तुम्हीच.”

ती दाराबाहेर पडायच्या आत धाकटा ओरडला, “बाबा, तुम्ही नका चढू, गुडघा!” आणि काका ओरडले, “तुला काय येतं रे त्यातलं?” काकूंनी जाहीर केलं, “नारळ मधे!” घर जागं झालं.

खाली गौरवीने प्रज्योतला सांगितलं, “सगळ्या सोड.”

“सगळ्या? गो, येडी झालीस काय? आपल्या वाड्यावरच्या यशोदाताईने आणि बायकांनी बसून बांधल्यात. ती मला जिवंत सोडायची नाही!”

“यशोदाताईला मी बघते. प्रत्येक घराला विचारू. ज्यांना बांधलेली हवी त्यांना बांधलेली, ज्यांना भांडायला हवंय त्यांना सुटी.”

एका नव्या जोडप्याने आणि पाय मोडलेल्या एका गृहस्थांनी बांधलेली घेतली. बाकी सगळ्यांना सुटी हवी होती. मग काय, पार्किंगमध्ये बसून दोघांनी मेहनतीने बांधलेलं मेहनतीने सोडलं. प्रज्योत सबंध वेळ तिच्या गुरूंचा उद्धार करत होता. सामान घ्यायला लोक खाली आले आणि तिथेच कवंडळं वाटून घेताना आपसात ओळखी काढू लागले. महादेवकाकांनी वरून गॅलरीतून आवाज दिला, “पुढच्या वर्षीचं माझं आत्ताच धर!” त्यांच्या केसांत आंब्याचं पान होतं.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा विठू सोप्यावर बसला होता. आई आतून म्हणाली, “सकाळपासून तिथे, नाहीतर परसात. जेवलासुद्धा नाही धड.”

गौरवी परसात गेली. बालदी तिथेच होती, पाणी नुकतंच बदललेलं.

“बाबा, साल टाकली नाहीस?” तिने परत सोप्यावर येऊन विचारलं.

“टाकायची कशाला? चांगली साल आहे,” विठू दुसरीकडे बघत म्हणाला. मग त्याला राहवेना. “तू म्हणालीस आराम कर. केला. असला फुकट दिवस माझ्या वैऱ्याला येऊ नये.”

गौरवीचे डोळे भरून आले. “चुकले रे बाबा,” ती म्हणाली आणि सुरी घेऊन सरळ माटोळीखाली गेली. पहिला दोर कापला तसा विठू उडी मारून उठला. “गो, गो! तो नारळ धर! देवाच्या पाटावर पडेल! अक्कल कुठे ठेवून आलीस?” वाक्य संपायच्या आत तो स्टुलावर होता.

चौकट रिकामी झाली, बालदी आत आली आणि घरात रीतसर भांडण सुरू झालं. गौरवीने एका हाताने मॅनेजरला कळवलं की खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. तेवढ्यात फोन वाजला. साखळी गावातल्या एका यूट्यूब चॅनलवरची मुलगी होती. नव्या उद्योजकांवर कार्यक्रम करायचाय, एकच प्रश्न विचारते म्हणाली. “तुमचं प्रेरणास्थान कोण?”

दाढीवाल्याचं नाव गौरवीने किती दिवसांपासून ह्याच प्रश्नासाठी तयार ठेवलं होतं.

“फोन ठेव आणि दोर दे गो!” स्टुलावरून विठू गरजला. “हात अवघडला माझा!”

“ऐकलात ना आवाज?” गौरवी म्हणाली. “तेच. ठेवते हां, दोर द्यायचाय.”