तडा गेलेल्या भिंतीचा गृहपाठ

माझी नणंद हुशार आहे, हे मी कधीच नाकारलं नाही. पण हुशार माणसांची एक खोड असते. समोरचाही आपल्याइतकंच नीट वाचतो, असं ती धरून चालतात. या खोडीपायी तिच्या नोकरीवर गदा यायची वेळ आली.

मी शाळेत गणित शिकवते, ती संगणक शिकवते. वर्ग शेजारीशेजारी. घरी कमी पडतं म्हणून की काय, शाळेतही दिवसभर तिचाच आवाज माझ्या कानात. यंदा तिनं आठवीला एक नवीन तास सुरू केला. इंटरनेटवर दिसेल त्यावर भरवसा कधी ठेवायचा, आपला फोटो नि पत्ता कुणाला द्यायचा नाही, असलं सगळं. मी म्हटलं, घ्या, आणखी एक खूळ. ही कार्टी फळ्यावरचं गणित धड उतरवून घेत नाहीत, ती बातमी काय पारखणार?

तर तिनं स्वतः बसून एक खोटी बातमी रचली. आमच्या शाळेच्या इमारतीला तडे गेलेत, महिनाअखेर ती पाडणार, असा मजकूर. वर कुठल्यातरी परक्या इमारतीतल्या फुटक्या भिंतीचा फोटो, खाली जगात नसलेल्या कार्यालयाचा शिक्का. यातलं खोटं काय ते मुलांनी शोधायचं. मुलं अशी तुटून पडली की माझ्या वर्गाला अपूर्णांक ऐकू येईनात. त्या आठवीत एक भिंगरी आहे. एका जागी टिकत नाही म्हणून सगळे तिला तेच म्हणतात. तिनं फोटोतल्या खिडकीबाहेरचा बर्फ हेरला. आमच्याकडे बर्फ पडतो तो फक्त फ्रीजमध्ये.

इथवर ठीक होतं. पण बाईसाहेबांना हुरूप आला. तिनं गृहपाठ दिला, हीच बातमी घरच्यांना दाखवा, त्यांना ओळखता येते का बघा. भिंगरीनं ती वडिलांच्या फोनवर पाठवली आणि खाली लिहिलं, यात खोटं काय ते ओळखा. वडिलांचं औषधाचं दुकान. गिऱ्हाईक खोळंबलेलं. त्यांनी चित्र पाहिलं, त्यांच्या काळजात धस्स झालं, आणि खालची ओळ न वाचता त्यांनी नुसतं चित्र पालकांच्या ग्रुपवर ढकललं. औषधवाल्यानं सांगितलंय म्हटल्यावर कोण कशाला शंका घेईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी ही गर्दी. कुणी दाखला मागतंय, कुणी फी परत मागतंय. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, एरवी आवाज चढवत नाहीत. त्यांनी नणंदेला बोलावून थंडपणे सांगितलं की सभागृहात पालकांपुढे काय झालं ते सांगा, मग या तासाचं आणि तुमचं काय करायचं ते बघू. नणंद अजून नोकरीत कायम झालेली नव्हती. एका सहीचं काम होतं.

मी जिन्यातच तिला फैलावर घेतलं. म्हटलं, सरळ कीबोर्ड शिकवायचा सोडून कशाला नसती उठाठेव? तिनं पदर सारखा केला आणि एकटीच सभागृहाकडे निघाली. मला एकदम गलबलून आलं, आणि मी तिचा हात धरूनच सभागृहात गेले.

तिनं सगळं खरं सांगितलं. पण ऐकतंय कोण. पोरांना खोटं रचायला शिकायला पाठवतो का आम्ही, अशा बाईंना ठेवताच कशाला, असा एकच गलका. तेवढ्यात भिंगरी मुलांच्या रांगेतून उठली. रडून रडून तिचा चेहरा लाल झाला होता.

"बाईंनी नाही पसरवलं. मी घरी पाठवलं होतं. बाईंना काढू नका."

वडिलांचं नाव तिनं घेतलं नाही. ते पुढून दुसऱ्या रांगेतच बसले होते. मला वाटलं, आता हे मान खाली घालून गप्प बसणार. पण ते उठले.

"तिनं खाली प्रश्न लिहिला होता. तो मी वाचलाच नाही. तारीख बघितल्याशिवाय मी कुणाला साधी गोळी देत नाही, आणि हे मात्र न वाचता गावभर वाटलं. चूक माझी आहे."

मग तिथंच सगळ्यांसमोर त्यांनी मुलीला विचारलं की तू कसं ओळखलंस. भिंगरीनं नाक पुसलं आणि सांगायला लागली. बर्फ, शिक्का, तोच फोटो आधी कुठं आला होता, तो कसा शोधायचा. बाकीची आठवी कुठली गप्प बसते! जो तो आपापल्या आईबापांच्या फोनवर वाकून दाखवू लागला. मघाशी तावातावानं बोलणारे गृहस्थ चष्मा पुसून खिडकी शोधत होते. मला हसू आवरेना, आणि अभिमानही वाटला.

सभा पांगल्यावर आम्ही दोघी मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो. नणंदेनं आधीच सांगून टाकलं की बाई, मी राजीनामा देते, शाळेचं नाव खराब झालं. मोठ्या बाईंनी दार लोटून घेतलं.

"सकाळी ग्रुपवर ते बघितल्याबरोबर मी कुणालाही न सांगता इमारतीच्या मागं गेले, आणि भिंतीवरून हात फिरवून आले. इतकी वर्षं ही शाळा चालवते मी. तरी मला खरं वाटलं."

त्यांनी नणंदेला खुर्चीत बसवलं.

"राजीनामा बिजीनामा काही नको. शनिवारी हा तास पालकांसाठी घ्या. मी पहिल्या बाकावर बसेन."

नणंद माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले.