हिवरवाडीचा रविवार

साळूबाईला रविवारच्या आत गावात एक कळशी पाणी देणारं दुसरं ख्रिस्ती घर मिळवायचं होतं. आणि हिवरवाडीत असं एकच घर उरलं होतं, ज्याच्या दारात जायला तिचा पाय उचलत नव्हता.

तीर्थपुरीच्या आसपासच्या खेड्यांत अँग्लिकन मिशनच्या काळापासूनच्या लहान लहान मंडळ्या आहेत. मंडळी म्हणजे गावातली ख्रिस्ती घरं, त्यांची प्रार्थनेची एक खोली आणि खोलीमागं आपल्या माणसांची थडगी. पाळकसाहेब सगळ्या गावांना मिळून एकच. म्हणून ईस्टर झाला, की पेरणीची घाई सुरू होईपर्यंत त्यांची उन्हाळी फेरी चालते. दर रविवारी एका मंडळीची पाळी. बाकीच्या गावांतली माणसं टेंपोत बसून तिथं जातात आणि त्या दिवशी फक्त त्याच मंडळीसाठी प्रार्थना करतात. ज्या गावची पाळी, त्या गावानं करायचं ते फार थोडं. खोलीच्या दारात रांजण ठेवायचा. प्रत्येक घरानं एक कळशी पाणी सगळ्यांदेखत त्यात ओतायचं आणि ओतताना आपल्या घराचं नाव सांगायचं. पाळकसाहेब मग त्याच नावांनी प्रार्थना करतात, आणि उन्हातून आलेली माणसं तेच पाणी पितात. ना जेवण, ना चहा. एका घराची एकच कळशी; श्रीमंताचीही एक आणि गरिबाचीही एकच.

एके काळी हिवरवाडीचा रांजण भरून वाहायचा. मग कोणी पुण्याला गेलं, कोणी वाळूजला, कोणी जालन्याच्या सळयांच्या कारखान्यात. साळूबाईचा नवरा मागच्या थंडीत गेला आणि खोलीमागच्या जमिनीत विसावला. यंदा राजानंद पाळकसाहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "आजी, कमिटीनं ठरवलंय. दोन घरांचं पाणी तरी रांजणात पडलं पाहिजे. न्हाई पडलं, तर ते गाव फेरीतून कमी करायचं. खोलीला कुलूप लागंल."

"मंग आमच्यासाठी प्रार्थना कोण करंल?"

"तुम्ही आमच्या गावाला या ना. तिथं करू."

"तिथं तुमच्या गावासाठी करताल, साहेब. हिवरवाडीचं नाव कोण घेईल?"

साहेब तरुण माणूस, मोटारसायकलवर हिंडून हिंडून चेहरा रापलेला. ते नुसते मान हलवून गेले होते.

साळूबाईनं वाळूजला मुलाला फोन लावला. "आई, रविवारी डबल ड्युटी असती," तो म्हणाला. "अन् तिथं राह्यलंय काय आता? तूच इकडं ये." तिनं फोन ठेवला. खोलीमागं कोण झोपलंय, हे त्याला सांगायची गरज पडावी, याचंच तिला वाईट वाटलं.

म्हणजे राहिली बेबीनंदा.

शुक्रवारी उन्हं कलल्यावर ती नाला ओलांडून बेबीनंदाच्या दारात जाऊन उभी राहिली. बेबीनंदा सुपात तूर पाखडत होती. तिनं वर पाहिलं, सूप थांबलं नाही.

"बस म्हणशील का न्हाई, बेबे?"

"बसा की. माती कुणाच्या बापाची न्हाई."

साळूबाई बसली. भिंतीवर खडूनं काढलेली चित्रं होती: एक झाड, एक शेळी, एक वाकडा क्रूस. दोन उन्हाळे झाले, तरी कोणी ती पुसली नव्हती. बेबीनंदाच्या पोरीनं, अक्षतानं काढलेली होती ती. साळूबाईच्या रविवारच्या शाळेतली शेवटची मुलगी. चिंचोके मांडून साळूबाईनं तिला येशूच्या बारा प्रेषितांची नावं शिकवली होती; एक चिंचोका हरवला, की अक्षता म्हणायची, "आज थोमा आलाच न्हाई, आजी." पोरीला एकदा सांगितलं, की ती विसरत नसे. अशा पोरीला शिकवताना शिकवणाऱ्याचं वय कमी होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या फेरीत तिला मेंदूज्वर झाला होता. सगळ्या गावांची माणसं त्या खोलीत तापलेल्या फरशीवर गुडघे टेकून बसली होती, आणि सगळी एकाच पोरीसाठी रडत होती. त्याच आठवड्यात अक्षता गेली. तेव्हापासून बेबीनंदानं खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता.

"एक कळशी दे," साळूबाई म्हणाली. "तू येऊ नको. प्रार्थना करू नको. नुसतं पाणी दे. मी वाहून नेते."

सूप थांबलं.

"मावशी, तुम्ही शिकवलं होतं ना तिला, मागितलं की देव देतो म्हणून?"

"शिकवलं होतं."

"तापात बी बडबडायची ती. मला म्हणायची, आई, रडू नको, आजीनं मागितलंय, आता मिळंल. मी तिच्या डोक्यावर पट्ट्या ठेवून राह्यले अन् ती मलाच समजावून राह्यली." बेबीनंदानं तोंडावरून पदर फिरवला. "लोकायनं रडून मागितलं. मिळालं का? अन् आता माह्याकडं पाणी मागायला आलात? लाज न्हाई वाटत?"

"वाटती."

"मंग जा."

साळूबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ बेबीनंदा तिच्याकडं न पाहता भिंतीकडं पाहत राहिली.

शनिवारी दिवसभर साळूबाईनं काही खाल्लं नाही. टँकर आला, विहिरीत पाणी सुटलं, बायकांची झुंबड उडाली. तिनं कशीबशी आपली कळशी भरून घेतली आणि काठावरच बसून राहिली. शेजारच्या गिरिजाबाईनं तिला तसं पाहिलं. गिरिजाबाईचं घर बौद्ध, साळूबाईचं ख्रिस्ती. पण दोघी एकाच वर्षी या गावात सून म्हणून आल्या होत्या आणि तेव्हापासून दोघींचं भांडण आणि मीठ एकच होतं.

"काहून बसलीस गं मेल्यावानी?"

"गिरजे, तुझी पितळी कळशी दे उद्याच्याला. भरून."

"ने की. पण तुझी कुठं गेली?"

"माझी बी हाये. मला दोन पाहिजेत. तुझ्या कळशीला बेबीनंदाचं नाव लावते."

गिरिजाबाईनं कपाळावर हात मारला. "पाणी माझं, नाव तिचं? अन् तुमच्या देवाला काय कळत न्हाई व्हय?"

"त्याला कळतं. साहेबाला कळलं न्हाई म्हंजी झालं."

"वा गं वा! आयुष्यभर लेकरायला खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, अन् आता म्हातारपणी गुरुजी बदलला का काय?" असं म्हणत ती हसली. पण साळूबाई हसली नाही, तेव्हा तीही गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "नेऊन ठेवते सकाळी. पण मला हे बराबर वाटत न्हाई, साळे. त्या बाईचं दुःख हाये ते. आपण त्याला हात लावू नये."

साळूबाईला ते पटलं होतं. तरी तिनं हात लावला.

रविवारी टेंपो आला. भाकरीची फडकी बांधून आलेल्या बाया, टोप्या घातलेले म्हातारे, झोपेतून उठवून आणलेली पोरं उतरली. सगळ्यांनी "सलाम, आजी" म्हटलं. कोणीतरी बॅटरी उतरवली, कोणी कडुनिंबाला भोंगा बांधला. रांजणाभोवती सगळे उभे राहिले. ओट्यावर दोन कळशा होत्या, एक स्टीलची, एक पितळी. लोकांनी त्या पाहिल्या आणि त्यांचे चेहरे उजळले. साळूबाईला ते दिसलं.

तिनं स्टीलची उचलली. "हे साळूबाईच्या घरचं पाणी."

मग पितळी उचलली. ती जड होती. "हे बेबीनंदाच्या घरचं. तिला बरं न्हाई. म्हणून मीच आणलं."

राजानंद साहेबांनी डोळे मिटून घेतले. मग ते आत गेले, माइक हातात घेतला आणि त्यांचा आवाज भोंग्यातून नाल्यापलीकडं गेला. त्यांनी साळूबाईच्या घरासाठी प्रार्थना केली, तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं. मग त्यांनी बेबीनंदाचं नाव घेतलं.

"प्रभू, आज आम्ही तुझे विशेष आभार मानतो. आमची बहीण बेबीनंदा हिचं दुःख तू हलकं केलंस. जिचा तुझ्यावर राग होता, तिच्या हातानं आज तू आम्हाला पाणी पाजलंस. तिच्या मनाला तू शांती दिलीस..."

सगळे "आमेन" म्हणाले. पुढच्या रांगेत गुडघ्यावर बसलेल्या साळूबाईचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. गेल्या दोन वर्षांत या खोलीत आपण काय मागत होतो, ते तिला आठवलं. हिवरवाडीसाठी कोणीतरी खरी प्रार्थना करावी, एवढंच. आणि आता जी होत होती, ती कुठंच नसलेल्या शांतीबद्दल होती. देवाला सांगायला आपण साहेबांच्या तोंडात खोटं घातलं होतं, आणि ते भल्या मनानं सांगत होते.

साहेब बोलतच होते, तेवढ्यात दारात सावली पडली.

बेबीनंदा अनवाणी होती. नाला पळत ओलांडल्यासारखी तिला धाप लागली होती. ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

"साहेब, कोणी सांगितलं तुम्हाला, मला शांती मिळाली म्हणून?"

माइक चालूच होता. तिचे शब्दही भोंग्यातून गावभर गेले. साहेबांनी गडबडून तो खाली केला.

"बाई, तुमच्या घरचं पाणी..."

"मी पाणी दिलं न्हाई. बिलकुल दिलं न्हाई. माह्या पोरीचं मरण हलकं झालं म्हणून तुम्ही आभार मानून राह्यलात? भोंग्यावर?"

एक लहान मूल रडायला लागलं, त्याच्या आईनं त्याला छातीशी धरलं. साळूबाई उठली. यावेळी गुडघ्यावर हात ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"मी खोटं बोलले, साहेब. ती कळशी गिरजाची. बेबीनं मला परवाच न्हाई म्हणून सांगितलं होतं. आमचं एकच घर हाये. हिवरवाडीत एकच घर हाये आता."

"आजी..." साहेब पुढं झाले.

"आज पाळी आमची हाये ना? मंग मला एकदा करू द्या. माइक नको."

ती वेदीकडं तोंड करून उभी राहिली. शाळेत पोरांना शिकवताना ती नेहमी सांगायची, प्रार्थनेला उभं राहिलं की हात जोडावेत, डोळे मिटावेत. तिनं ना हात जोडले, ना डोळे मिटले.

"देवा, अक्षता मेली. आम्ही सगळ्यायनं मागितली, तू दिली न्हाई. मी तिला सांगितलं होतं तू देतोस म्हणून. तिनं माझं ऐकलं. मी तिला खरं शिकवलं का खोटं, हे मला कळत न्हाई, अन् तू सांगत न्हाईस. तिच्या आईचा राग बराबर हाये. तो काढून घेऊ नको. आज आम्ही काही मागत न्हाई. पोरीचं नाव अक्षता होतं, एवढंच सांगते."

आमेन म्हणावं की नाही, हे कोणालाच कळलं नाही. त्यामुळे कोणी म्हटलं नाही.

पुढचं थोडक्यात झालं. लोकांनी रांजणातलं पाणी प्यायलं; ऊन इतकं होतं, की प्यायल्यावाचून इलाज नव्हता, पण कोणी दुसऱ्याकडं पाहिलं नाही. भोंगा उतरवला. साहेब साळूबाईजवळ आले. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"नियम मी केला न्हाई, आजी."

"मला माहीत हाये."

"कुलूप मला लावावं लागंल. पुढल्या वर्षी टेंपो इथं थांबणार न्हाई."

"लावा."

त्यांनी खोलीचं दार ओढून घेतलं. कडी जुनी होती, दोनदा निसटली. तिसऱ्यांदा साळूबाईनंच दार दाबून धरलं, तेव्हा ती बसली. टेंपो वळला, धूळ उडाली, कापसाच्या मोकळ्या रानांवरून त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला आणि मग बंद झाला.

साळूबाई कडुनिंबाखाली बसली. आता जायचं कुठं, हे तिला समजत नव्हतं. घर होतं, पण घरी जाऊन काय करायचं, ते कळत नव्हतं. आतून काहीच येत नव्हतं, ना रडू, ना प्रार्थना. दर उन्हाळ्यात आपल्या गावाचं नाव नऊ गावांची माणसं घेतात, या एका गोष्टीवर ती इतकी वर्षं उभी होती, हे तिला आता, ती गोष्ट गेल्यावर समजत होतं.

पावलं वाजली. बेबीनंदा गेली नव्हती. ती खोलीमागच्या बाजूनं आली; अक्षताचं थडगं तिकडंच होतं. तिच्या हाताला माती लागली होती. ती साळूबाईपासून हातभर अंतर सोडून बसली, तिच्याकडं न पाहता.

"तुमचं तोंड पाहू वाटत न्हाई मला, मावशी."

"नको पाहू."

गिरिजाबाई आपल्या दारातून कोंबड्यांना हाका मारत होती.

"मघा म्हनलात ते परत म्हना."

साळूबाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"तेच. तिचं नाव घेतलं ते. दोन वर्षं झाली, गावात कोणी तिचं नाव घेत न्हाई माह्यासमोर. मला बरं वाटावं म्हणून." बेबीनंदा हातावरची माती दुसऱ्या हातानं चोळत होती. "काही मागू नका. नुसतं म्हना."

साळूबाईनं तोंड उघडलं. "देवा, अक्षता..." आणि आवाज गेला. तिनं पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, पण शब्द निघेना.

"मेली," बेबीनंदानं तिला पुढचा शब्द दिला.